समोरच्यांची सून करते तरी काय?

अहो, ऐकलंत का? या जरा कुंपणापाशी... हळू बोला, तिच्या सासूबाई अंगणातच आहेत.

समोरच्यांची सून हो! दिवसभर लॅपटॉप घेऊन बसते ती. परवाच्या बारशाला नागपूरच्या आत्याबाईंनी सगळ्यांसमोर विचारलंच, "प्लांटमध्ये आहेस का गं?" नाही म्हणाली. "मग बँकेत? शाळेत?" तेही नाही. "मी फ्रीलान्स टेक्निकल रायटर आहे, एडिटिंगही करते." आत्याबाईंचा चेहरा असा पडला... त्यांचंही खरंच म्हणा. 1959 साली राष्ट्रपती राजेंद्रबाबूंच्या हस्ते इथल्या पोलाद कारखान्याची पहिली भट्टी सुरू झाली, तेव्हापासून भिलाईत माणसाची ओळख म्हणजे गेट पास. डिपार्टमेंट कुठलं, शिफ्ट कुठली, विषय संपला. हिला ना गेट, ना शिफ्ट!

तर काय सांगत होते... हां, पोरगी जराही लाजली नाही. म्हणाली, "आत्याबाई, मशीनसोबत पुस्तिका येते ना, ते कसं चालवायचं, कसं दुरुस्त करायचं? ती मी लिहिते. दुसऱ्यानं लिहिलेली असली तर नीट करून देते." बस, एवढंच! मला तर तिथंच उमगलं. आत्याबाई "असं होय" म्हणून घुगऱ्यांकडे वळल्या.

बरं, कामं मिळवते कशी? सासरे म्हणायचे, कुणाची ओळख काढ. आणि गंमत बघा, कंपन्यांसाठी लिहिलेलं तिला बाहेर दाखवताच येत नाही, तशी सही घेतात म्हणे आधी. मग नमुना कुठून आणायचा? पठ्ठीनं घरच्या पाण्याच्या मोटरची पुस्तिका काढली! मी स्वतः वाचली हो. पहिली ओळ, 'झाकण काढा'. दुसरी, 'वायरी सोडवा'. आणि चौथ्या ओळीत काय? 'तत्पूर्वी विद्युतपुरवठा खंडित करावा'! अहो, तोवर माणूस चिकटेल की! हिनं ती ओळ सगळ्यात वर आणली, एका पायरीत एकच काम ठेवलं, आणि कंपनीचं नाव झाकून जुनं-नवं शेजारी शेजारी लावून लिंक्डइनवर टाकलं. विमानदुरुस्तीच्या इंग्रजी पुस्तकांना तर नियमच आहे म्हणे, सूचनेचं वाक्य 20 शब्दांच्या वर नको. आपल्याकडच्या लग्नपत्रिका आठवा जरा... जाऊ दे.

तर काय सांगत होते? हां, तर इथल्याच हथखोजचा एक कारखानदार! त्यानं ते पाहून बोलावलं हिला. आणि म्हणतो कसा, "आधी एक अख्खं मॅन्युअल फुकट करून द्या, आवडलं तर पुढचं बघू." ही म्हणाली, "एक पान नमुना म्हणून देते. बाकीच्याचे निम्मे पैसे आधी." त्याचं तोंड एवढंसं झालं! आणि घरी कळल्यावर सासूबाईंचं त्याहून एवढंसं. "घरी चालत आलेली लक्ष्मी परत पाठवलीस!" दोन वेळा जेवल्या नाहीत म्हणे... एक वेळ असेल, पण नाही जेवल्या. आठवड्याच्या आत त्याचाच फोन! त्याच्या मशीनवरच्या पोरांनी ते एक पान भिंतीला चिकटवलं होतं, उरलेलं कधी येतंय म्हणून मागे लागली होती.

आता सासूबाईंची तऱ्हा ऐका. संक्रांतीला वाणासोबत सुनेचं व्हिजिटिंग कार्ड! खोटं नाही सांगत, माझ्या डब्यात आहे अजून.

तर तुमच्या भाच्याचं नंदिनी रोडला वर्कशॉप आहे ना? गिऱ्हाइकं सारखी फोन करतात म्हणत होतात, हे बटण कशाचं नि तो खटका कशाचा... सांगा ना त्याला. नंबर देते मी. अहो, छे हो, मला काय मिळायचंय त्यात! आपल्या मंडळाच्या स्मरणिकेची प्रुफं तेवढी निम्म्या दरात बघून देणार आहे, बाकी काही नाही.