छपराचे प्रकरण

नवेगाव बांध येथील माझ्या वडिलोपार्जित घराचे छप्पर दुरुस्त करावे की समूळ बदलावे, हा प्रश्न आमच्या कुटुंबाच्या दप्तरात गेली अकरा वर्षे प्रलंबित असून, दर वर्षी रोहिणी नक्षत्र लागले की तो सुनावणीस निघतो, मृगाच्या पहिल्या सरीबरोबर त्याचा अंतरिम निकाल माझ्या मस्तकावर ठिबकतो आणि दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया सुरू झाल्या म्हणजे वादी-प्रतिवादी उभयतांना त्याचे विस्मरण होते. वादी अर्थात आमच्या सौभाग्यवती, प्रतिवादी मी, न्यायाधीशाची जागा रिक्त आहे.

ज्या गावात, सांगतात त्याप्रमाणे, सुमारे तीनशे वर्षांपूर्वी कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांमधल्या वाटा मातीने बुजवून एवढा विस्तीर्ण जलाशय अडवला, आणि ज्या गावाने तो बांध जुना झाला म्हणून नवा आणण्याचा विचार कधी मनात आणला नाही, त्या गावात डागडुजीची महती मला पटवून द्यावी लागते, हे मोठेच विपरीत होय. हा दाखला मी एकदा साभिमान सादर केला असता, "तो बांध पाणी अडवतो. तुमचं छप्पर अडवतं का?" एवढ्या दोन वाक्यांत त्याची वासलात लागली. तलावाभोवतीच्या सात डोंगरांना इकडे सात बहिणी म्हणतात. माजघरातल्या गळत्याही मोजून सातच असल्याने मी त्यांना तेच नाव दिले आहे, आणि थोरलीला घंगाळ व धाकटीला तांब्या याप्रमाणे प्रत्येकीला भांडे नेमून दिले आहे.

देशी कवेलूंचे छप्पर म्हणजे वस्तुतः एक वार्षिक करारनामा. कुंभार चाकावर मातीचे निमुळते नळकांडे घडवतो, ते ओले असतानाच त्याचे उभे दोन भाग करतो आणि भट्टीत भाजतो. मग त्यांची एक ओळ उताणी व तिच्या सांध्यावर दुसरी पालथी, असे हे सारे कवेलू, चुन्याचा वा खिळ्याचा आधार न घेता, निव्वळ परस्परांच्या भरवशावर फाट्यांवर पहुडलेले असतात. पावसाळ्यापूर्वी ते एकदा फेरले, फुटके काढून साबूत घातले, की वर्षभराची निश्चिंती. या व्यवस्थेत दोष एवढाच, की ती वानरांना मान्य नाही. शेजारचे अरण्य १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, परंतु त्याची हद्द कोठे संपते याची नोटीस वानरांवर रीतसर बजावण्यात न आल्याने ते माझ्या आढ्यावर नित्य कवायत करतात. मारुती चितमपल्लींसारखा थोर निसर्गलेखक या गावात राहून गेला, त्यामुळे येथे वन्यप्राण्यांविषयी अपशब्द काढताना मनुष्याला संकोच वाटतो. मी तो घरात शिरून, दार लावून काढतो.

यंदा सुतारास बोलावून पंचनामा करविला. तो वर चढला, वाकसाच्या दांड्याने इकडे तिकडे ठोकले, आणि विड्याचे पान तोंडात फिरवीत त्याने जबानी दिली : "मयाल अजून लोखंड हाये जी गुरुजी, पन फाटे सडले. पानी गरनारच. टिना टाकून द्या."

टिनाचा, म्हणजे पत्र्याचा, प्रस्ताव मी तत्काळ फेटाळला. लंडनमध्ये १८२९ साली ज्या गृहस्थाने नागमोडी पत्र्याचे पेटंट घेतले, त्याला झाडीपट्टीतल्या वैशाखात त्या पत्र्याखाली दुपारी वामकुक्षी करण्याची पाळी आली नव्हती. शिवाय पत्र्यावर पाऊस कोसळू लागला म्हणजे घरातले संभाषण खुणांनी करावे लागते. हा गुण आहे की दोष, याविषयी मात्र मी घरात मतप्रदर्शन केलेले नाही.

राहता राहिला स्लॅब, जो सौभाग्यवतींच्या अर्जाचा मूळ विषय. परंतु आमच्या भिंती मातीच्या. त्यांना स्लॅबचा भार पेलणार नाही, म्हणून खांब हवेत. खांबांना पाया हवा. आणि पाया खणावयाचा तर भिंती पाडाव्या लागतील. म्हणजे पागोटे जुने झाले म्हणून पागोटेवालाच बदलावयाचा! हा युक्तिवाद मी केला तेव्हा त्यांनी माझ्याकडे नखशिखान्त असे काही न्याहाळून पाहिले, की मी तो तेथेच आवरता घेतला.

माझ्या बाजूचा खरा कच्चा दुवा निराळाच आहे, आणि तो मी आजवर कोणाजवळ कबूल केलेला नाही. देशी कवेलू आता मागून मिळत नाहीत. ते मिळतात पाडलेल्या घरांतून. गावात एखाद्याने टिना घातल्या वा घरकुल बांधले, की त्याचे उतरवलेले कवेलू मी बैलबंडीने आणवतो. परिणामी माझ्या छपरावर आज निम्मे गाव नांदते : ओसरीवर जुन्या मालगुजाराचा वाडा, न्हाणीवर टपाल वाटणाऱ्याची खोली, आणि देवघरावर, केवळ माप जुळले म्हणून, ज्या सावकाराने आजोबांचे धानाचे शेत लिहून घेतले त्याचा गोठा. म्हणजे इतर सर्वांनी छप्पर बदलावे, तेव्हाच मला दुरुस्तीच्या तत्त्वाला निष्ठेने चिकटून राहता येते.

परवा रोहिणीच्या शेवटच्या चरणात, आभाळ भरून आलेले असताना, पलीकडच्या आळीतले कास्तकार अंगणात येऊन उभे राहिले. "पोराचा हट्ट हाये जी, स्लॅब टाकतो म्हन्ते," ते म्हणाले, "दोनेक हजार कवेलू निंगतीन. पायजेत का गुरुजी?"

शेजाऱ्याच्या स्लॅबची वार्ता ऐन सुनावणीच्या हंगामात आमच्या ओट्यावर यावी, याहून प्रतिकूल पुरावा तो कोणता? मी मान खाली घालून उत्तराची जुळवाजुळव करू लागलो. तोच तांदूळ निवडता निवडता, सूप खाली न ठेवता, आतून आवाज आला :

"परसात रचून द्या म्हणावं भाऊजी. आणि फुटके मोजणार नाही हं!"