एक खिडकी, सताड उघडी

नवउद्योजकांना पोषक वातावरण कसे द्यावे, यावर वर्ध्यात अधूनमधून चर्चासत्र होते. समई, शाल, श्रीफळ, पडद्यावर बंगळुरूचे आलेख, शेवटी पनीरची भाजी. एवढ्या लांब कशाला जाता, बाप्पा? आपल्या जिल्ह्यात 1970च्या दशकापासून दारूबंदी आहे आणि तेव्हापासून एक धंदा अनुदानाविना जोरात चालला आहे.

त्याची एक खिडकी योजना पाहा. टिनाच्या घराला वीतभर खिडकी. नोट आत, पव्वा बाहेर. अर्ज नाही, आधारची झेरॉक्स नाही, 'सर्व्हर डाऊन' नाही, जेवणाची सुट्टी तर नाहीच. ओळखीच्या गिऱ्हाइकाला उधारी, आजाऱ्याला घरपोच. विदेशी माल नदीपलीकडून येतो. गावठीसाठी मोहाचा सडवा नाल्याकाठी ड्रममध्ये पुरलेला. धाड पडते, ड्रम फुटतात, पेपरात फोटो येतो आणि चार दिवसांत नवे ड्रम पुरले जातात. अपयशातून उभे राहणे म्हणून पडद्यावर जे दाखवतात ते हेच ना? बरे, कच्चा माल स्थानिक, रोजगार स्थानिक, गिऱ्हाईक तर इतके निष्ठावान की बायकोचे डोरले गहाण टाकून येते.

आता हळदवाली ताई घ्या. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. 'स्टार्टअप'ची देशव्यापी हाक त्याच वर्षीची. ताईला तीच हळद दळून पुड्या विकायच्या आहेत. उद्यम नोंदणी झाली, अन्न परवाना झाला, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे तर भिंतीला पुरत नाहीत. चक्कीला थ्री-फेज मिळत नाही आणि बँकेतले साहेब म्हणतात, "मार्चनंतर या." कर्ज कागदावर विनातारण. तरी सातबारा मागतात. सातबारा नवऱ्याच्या नावावर. नवरा कुठे? खिडकीशी! सहीपुरता शुद्धीवर सापडावा म्हणून ती बाई पहाटे त्याला गाठते, आणि तुम्ही तिला व्यासपीठावरून 'जोखीम घ्यायला शिका' सांगता? लाज वाटत नाही? अहो, तिने संसार केला या माणसाशी, आणखी कोणती जोखीम राहिली?

असो. पुढच्या चर्चासत्राला मार्गदर्शक म्हणून खिडकीवाल्यालाच बोलवा. मानधन मात्र रोख द्यावे लागेल. पावती तो देत नाही. शिवाय त्याला संध्याकाळी सहाच्या आत सोडावे लागेल, तेव्हा पनीर जरा लवकर वाढा.