आणखी एक पान वाढा

काही बँड भांडणांनी मोडतात, काही व्यसनांनी. ‘अझ्तेका’ मोडला तो पाहुणचारापायी, असा माझा संशय आहे.

१९७२ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात कोक आणि पीट एस्कोवेदो या भावांनी तो काढला. कोक तेव्हा सांतानाच्या बँडमध्ये टिंबालेस हे ड्रम वाजवून आलेला. रॉकला लॅटिन ताल मानवतो हे सांतानामुळे जगाला पटलं होतं, पण भावांचं तेवढ्यावर भागेना. जॅझवाले ट्रम्पेट-सॅक्सोफोन हवेत, सोल गाणारी मंडळी हवीत, क्यूबाकडचे कोंगा ढोल तर हवेतच. बघता बघता मंचावर पंधरा-वीस जण. पंगत बसली तरी दारात कुणी दिसला की आणखी एक पान वाढा, हा खाक्या.

गंमत म्हणजे एवढ्या गर्दीत कुणी कुणाच्या पायावर पाय देत नाही. ही सगळी किमया क्लावेची. हातात दोन लाकडी दांडकी आणि पाच ठोके: आधी तीन, मग दोन, किंवा उलट. ते प्रत्यक्ष वाजोत न वाजोत, सगळ्यांच्या डोक्यात चालू असतात आणि जो तो त्यांच्या मधली फट बघून आपलं वाजवतो. या संगीतातला बेसवाला तर फारच बिलंदर. आपण समेवर मान हलवायला जावं, तर स्वारी अर्ध्या मात्रेआधीच येऊन गेलेली!

तालात अशी सगळ्यांची सोय झाली; बसमध्ये, हॉटेलात आणि मानधनाच्या पाकिटात कशी होणार? कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने १९७२ आणि १९७३ मध्ये एकेक रेकॉर्ड काढली, आणि लवकरच पंगत उठली. उठलेले उपाशी मात्र राहिले नाहीत. ड्रमर लेनी व्हाइट जॅझवाल्या चिक कोरियाकडे गेला, बेसवाला पॉल जॅक्सन तशाच हर्बी हॅनकॉककडे, आणि पहिल्या रेकॉर्डवर गिटार वाजवणारा नील शॉन ‘जर्नी’ या रॉक बँडमध्ये.

पीटची मुलगी शीला, पुढे प्रिन्सबरोबर गाजलेली शीला ई., पंधराव्या वर्षी याच बँडमध्ये पहिल्यांदा चमकली. कोंगावाला आजारी पडला म्हणून तिला बसवलं म्हणतात. एवढ्या जत्रेत एक जण कमी आहे हे मुळात ध्यानात कुणाच्या आलं, ते पीटलाच ठाऊक.