समुद्राची नजर आणेवारी

आमच्या आटपाडीला समुद्र नाही. कुणी हळहळू नये, आमच्याकडं बारमाही नदीही नाही. माणगंगा आहे, पण तिच्यात पाण्यापेक्षा वाळू जास्त, आणि ती वाळूसुद्धा हल्ली रात्रीची ट्रॉलीतून वाहते. तरीही समुद्राची पातळी वाढायला लागली तर काय करावं, यावर चार शब्द बोलायचा अधिकार आमच्याइतका कुणालाच नाही, असं आमचं नम्र मत आहे. न येणाऱ्या पाण्याचं नियोजन ज्यांनी पिढ्यान् पिढ्या केलं, त्यांना येणाऱ्या पाण्याचं काय अवघड?

या विषयाशी आमचा संबंध ऑगस्ट २०२१ मध्ये आला. मुंबई महापालिकेचे तेव्हाचे आयुक्त इक्बालसिंह चहल यांनी जाहीर सांगितलं की २०५० पर्यंत नरिमन पॉइंट, कफ परेड आणि मंत्रालय हा भाग ऐंशी टक्के पाण्याखाली जाईल. मुंबईकर हे वाचून लोकलला पळाले. आटपाडीत मात्र पारावर शांतता पसरली. कारण आमच्या पाण्याच्या सगळ्या फायली तिथंच आहेत. आमच्या चुलत्यांनी, म्हणजे नानांनी, चष्मा काढून धोतराला पुसला आणि म्हणाले, "म्हंजी रानाच्या आधी फायलीला पाणी मिळणार म्हन की." मग जरा थांबून, "२०१२ ला मंत्रालयाला आग लागून झाली, आता पानी. वारं तेवढं ऱ्हायलं."

पुढं मार्च २०२२ मध्ये मुंबईचा वातावरण कृती आराखडा आला. त्याचं उद्दिष्ट असं की २०५० पर्यंत शहराचं निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणायचं. सालाचा हा मेळ ज्यानं बसवला त्याला मानलं पाहिजे. बुडालेल्या कचेरीतून उत्सर्जन होत नाही.

कागद करण्यात मात्र आपण समुद्राच्या नेहमीच पुढं राहिलो आहोत. १९९३ सालचीच गोष्ट घ्या. त्या वर्षी नागनाथअण्णा नायकवडींनी आटपाडीत पाणी परिषद भरवली आणि कृष्णेचं पाणी वर उचलून द्या म्हणून आमचा दुष्काळी मुलूख उभा राहिला. त्याच वर्षी तिकडं मुंबईत ‘ब्रिमस्टोवॅड’ नावाचा अहवाल तयार झाला. त्यात म्हटलं होतं, भरतीच्या वेळी समुद्र गटारांच्या तोंडापेक्षा वर असतो, पावसाचं पाणी बाहेर जात नाही, तेव्हा पंप लावून ते उपसून टाका. आम्ही पंप मागत होतो पाणी आत आणायला, ते मागत होते बाहेर काढायला. सरकारनं दोघांनाही समान न्याय दिला. कृष्णेचं पाणी उचलणाऱ्या आमच्या टेंभू योजनेला १९९६ ला मान्यता मिळाली आणि तलावात पाणी दिसेपर्यंत तेव्हाच्या शाळकरी पोरांना पोरं झाली. मुंबईच्या अहवालावरची धूळ २६ जुलै २००५ ला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा झटकली गेली. आठ उदंचन केंद्रं ठरली होती, त्यातली सहा झाली. माहुल आणि मोगरा रेंगाळली. सुधारित अंदाजपत्रक न लागणारी, विजेचं बिल न येणारी आणि ठेकेदाराशिवाय चाललेली राज्यातली एकच पाणी योजना आहे, ती म्हणजे समुद्र. त्यामुळंच ती वेळेत पूर्ण होईल अशी भीती वाटते.

किती चढलाय तो? बंगळुरूच्या सीस्टेप या संस्थेनं २०२४ मध्ये आकडा दिला: १९८७ ते २०२१ या काळात मुंबईला साधारण ४.४ सेंटिमीटर. मी हा आकडा नानांना वाचून दाखवला. त्यांनी उजव्या हाताची बोटं दारातल्या पिंपाला आतून आडवी लावली. एक, दोन, आणि तिसरं अर्धं मुडपलं. "अडीच बोटं," ते म्हणाले. "टँकरवाला दर खेपंला एवढं कमी टाकतो. त्यो समुद्राला पोचवतोय बग." मग तांब्यातलं उरलेलं घोटभर पाणी फेकून न देता त्यांनी कढीपत्त्याच्या बुडात ओतलं. अडीच बोटं पाणी म्हणजे काय, हे शास्त्रज्ञांनंतर आमच्याच घरात कळतं.

आता किनाऱ्यावरच्या स्थानिक स्वराज्य संस्थांना आमची पहिली सूचना. पाणी किती वाढलं हे उपग्रहानं मोजणं आधी बंद करा. आमच्याकडं पीक बुडालं की नाही हे डोळ्यांनी दिसत असलं तरी ते खरं मानत नाहीत. आधी नजर आणेवारी होते, मग सुधारित, मग अंतिम. पन्नास पैशांच्या आत आली तर दुष्काळ, एक्कावन्न आली तर शेतकऱ्याचा गैरसमज. हीच पद्धत समुद्राला लावावी. भरतीच्या दिवशी तलाठ्यानं पुळणीवर उभं राहून नजर अंदाज घ्यावा. पाणी घोट्याच्या वर आलं तर ‘बुडीतसदृश परिस्थिती’ जाहीर करावी. मंडळ अधिकाऱ्यानं ओहोटीच्या वेळी फेरपाहणी करावी, म्हणजे आकडा आपोआप सुधारेल. अंतिम आणेवारी येईपर्यंत पाण्यानं होतं तिथंच थांबावं, असा ठराव करून त्याची एक प्रत समुद्राला द्यावी. तो घेत नसेल तर पंचांसमक्ष खडकाला डकवावी.

हा अतिरेक वाटत असेल तर किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या सीआरझेड नियमांचं बघा. २०११ च्या नियमात ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून दोनशे मीटर बांधकामाला बंदी होती. जानेवारी २०१९ मध्ये आलेल्या नव्या अधिसूचनेनं दाट वस्तीच्या गावांसाठी ती पन्नास मीटरवर आणली. समुद्र पुढं आला म्हणून आपणही दीडशे मीटर पुढं गेलो. पाहुणा वेशीत आला की यजमानानं सामोरं जायची आपली रीतच आहे. मुंबईच्या सागरी किनारा रस्त्यासाठी तर १११ हेक्टर भराव टाकून आपण त्याच्या घरातच जाऊन बसलो. नरिमन पॉइंटही भरावाचाच. बॅकबेच्या भरावातला गोंधळ १९२० च्या दशकात ज्यांनी चव्हाट्यावर आणला, त्या खुर्शेद नरिमनांचं नाव त्या जागेला दिलंय. उघड करणाऱ्याचं नाव दिलं की प्रकरण मिटतं.

दुसरी सूचना मंत्रालय आटपाडीला हलवण्याची. इंडोनेशियानं २०२२ मध्ये कायदाच करून राजधानी जाकार्तातून नुसांताराला न्यायचं ठरवलं, कारण जाकार्ता खचतंय. आपल्याला एवढं लांब जायला नको. जगातला सगळा बर्फ वितळला तरी समुद्र सत्तरेक मीटर चढेल म्हणतात. आम्ही सुमारे पाचशे मीटरवर. प्रलय झाला तरी आटपाडीत पाणीटंचाईच राहील, याची खात्री बाळगावी. मंत्र्यांच्या निवासाची अडचण नाही; औंध संस्थानच्या काळापासून आमच्याकडं स्वतंत्रपूरची खुली वसाहत आहे. ती कैद्यांसाठी आहे, पण तिला भिंती नाहीत, त्यामुळं कुणाला अवघडल्यासारखं होणार नाही.

दोन्ही आपत्त्या एकाच कचेरीत बसवता येतात याचा दाखलाही आमच्याच जिल्ह्याचा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, माणसं होडीतून काढत होते. आणि त्याच जिल्ह्यात पूर्वेला जनावरं छावणीत चाऱ्याची वाट बघत उभी होती. एकाच दौतीत बुडवलेल्या लेखणीनं होडी आणि टँकर दोन्हींवर सह्या झाल्या. किनाऱ्यावरच्या अधिकाऱ्यांनी अभ्यास दौऱ्याला यायचं तर इकडं यावं. डाळिंबाचा हंगाम बघून या, म्हणजे दौरा वाया जाणार नाही.

आमच्या तालुक्यातली निम्मी तरणी पोरं गावात नाहीत. काही गलाईच्या धंद्यात सोनं-चांदी वितळवत देशभर पसरलीत, काही मुंबईत. नानांचा धाकटा परळला चाळीत तळमजल्यावर राहतो. मागच्या पावसाळ्यात मोठी भरती आणि पाऊस एकाच दिवशी जुळून आला. रात्री त्याचा फोन आला. नानांनी तो आवाज मोठा करूनच घेतला, सगळी गल्ली ऐकत होती.

"नाना, घरात पाणी शिरलंय. गुडघ्याला लागाय लागलंय."

नाना ताडकन उठून बसले. बायको-पोरं कुठायत, लाईट बंद केली का, हे सगळं त्यांनी नंतर विचारलं. आधी विचारलं,

"गोडं का खारं?"