कासचे गेंद घरी नेणाऱ्या रसिकास

परमादरणीय पुष्परसिक महोदय,



कास पठारावर आपण गेंदाची पांढरी फुले मूठ मूठ उपटलीत, जुड्यांना रबरबँड लावलेत आणि डिकी भरलीत. सुकवून दिवाणखान्यात मांडणार म्हणालात. आपल्या कलादृष्टीला साष्टांग दंडवत.

हंगामात आसपासच्या गावांतली माणसे पठाराची राखण करत उभी असतात. त्यांची पाठ वळेपर्यंत आपण थांबलात. केवढी ही अदब!

गेंद मुळासकट उपटलेत, हे तर फारच थोर. इथे जांभ्या खडकावर मातीचा नुसता पातळ थर. त्यात कशीबशी मुळे रोवलेल्या रोपाची आपण एका हिसक्यात सुटका केलीत. उपकार झाले.

हे गेंद वर्षायू. पावसात उगवायचे, फुलायचे, बी सांडायचे आणि संपायचे. त्या पांढऱ्या गोंड्यात इवली इवली फुले दाटलेली असतात आणि बीही तिथेच धरते. आपण गोंडेच नेलेत. पुढच्या वर्षीच्या फुलोऱ्याची काळजीच मिटवलीत!

वर ‘सीतेची आसवे’ या जांभळ्या फुलांचीही मूठ भरलीत. निकस मातीत भागत नाही म्हणून हे रोप ओल्या मातीतले सूक्ष्म जीव बारीक पिशव्यांत पकडून जगते. त्याची नाजूक फुले सातारा येईपर्यंत कोमेजली असतील. तरी आपण प्रयत्न केलात, हे काय कमी आहे?

पश्चिम घाटातल्या ज्या जागा 2012 साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदवल्या, त्यांत कास आहे. वारसा म्हटल्यावर आपण आपला हिस्सा उचललात, त्यात गैर ते काय?

वर्षभरात गेंदांवर धूळ बसेल, रंग उडेल. मग मांडणी ताजी करायला आपण पुन्हा कासलाच याल, या कल्पनेनेच ऊर भरून येतो.

एवढी कृपा केलीत, तर आणखी एक करा. पावसाळा सरता सरता शेतांच्या बांधांवर कुर्डू माजतो. मालकाला विचारून तो हवा तेवढा न्या. बाजारातून कोंबड्याची फुले घ्या. कुर्डू कोरड्या दिवशी, दव उडून गेल्यावर तोडा. मग दोन्हींची पाने काढा, लहान जुड्या बांधून अंधाऱ्या, हवेशीर खोलीत दोन-तीन आठवडे उलट्या टांगा. उन्हात ठेवाल तर रंग विटेल. झेंडू सिलिका जेलमध्ये पुरून सुकवा. धूळ मऊ ब्रशने झटका, मोडलेल्या काड्या काढून त्या जागी नव्या खोचा. मांडणी ताजी होते, पठारही शाबूत राहते.

पुढच्या भाद्रपदात कासला जरूर या. रिकाम्या हाताने या आणि कृपा करून रिकाम्या हातानेच परत जा.

आपला नम्र,
एक सातारकर