रात्री दोन वाजताचा उजेड

"काकू, तुमच्या माडीवर रात्री दोन वाजता उजेड कसला असतो हो?" नानांनी गडग्यावर कोपर टेकून विचारलं. नानांना रात्री झोप नाही, त्यामुळे आळीत कुणाच्या खिडकीत किती वाजेपर्यंत दिवा होता याची नोंद त्यांच्याकडे पक्की असते.

काकू अंगणात आमसुलं उलटीपालटी करत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "चोरबीर नाही हो. आमच्या चिरंजिवांचा कॉम्प्युटर. पुण्याच्या कंपनीचं काम इथे बसून करतो ना! स्वतः दहाला घोरायला लागतो आणि तो जागा. बंद कर म्हटलं तर म्हणतो, आई, सारखं बंद-चालू केलं की बिघडतो."

"आणि बिल?"

"ते मी भरते ना. त्याला काय त्याचं!"

आता मी बाजारपेठेतल्या व्यापाऱ्यांचं जीएसटीचं काम घरी बसून करते. दिवसभर तेच यंत्र पुढ्यात असतं. अशा विषयात गप्प राहणं माझ्याच्यानं होणार नव्हतं. मी माझ्या बाजूच्या गडग्याशी आले.

"काकू, तुमचं बिल पूर्वी शंभर युनिटांच्या आत यायचं ना?"

"यायचं. आता कसलं येतंय! म्हणून तर फ्रीजवाल्याला बोलावला होता. जुना झालाय, वीज खातो म्हणाला. नवा बघायला जाणार होते परवा."

"थांबा जरा. कॉम्प्युटर आणि पडदा मिळून नुसते चालू राहिले, काही काम न करता, तरी ऐंशी वॉट धरा. रात्रीचे बारा तास म्हणजे जवळजवळ एक युनिट. महिन्याला तीस. आणि शंभरच्या पुढे गेलेल्या युनिटाला दर जवळपास दुप्पट लागतो. ही तुमची तीस युनिटं नेमकी त्या दुपटीत बसतात."

काकूंचा आमसुलातला हात थांबला. "म्हणजे मेला फ्रीज उगाच बदनाम झाला!"

नाना खूश झाले. नाना पोफळीच्या, पाण्यावर चालणाऱ्या वीजगृहातून निवृत्त झालेले. वीज हा शब्द ऐकला की त्यांना कुणी विचारायची गरज पडत नाही. "हे बघा," ते म्हणाले, "यंत्र चालू ठेवायचं की बंद करायचं, हे यंत्र बिघडेल का यावरनं ठरत नाही. परत सुरू करायला काय पडतं, त्यावरनं ठरतं. तिकडे चंद्रपूरला कोळशाचा बॉयलर एकदा थंड झाला की परत वाफेवर यायला कित्येक तास जातात. म्हणून ते लोक शक्यतो बंदच करत नाहीत. आमचं तसं नाही. विजेची मागणी सांभाळणाऱ्या कळव्याच्या लोड डिस्पॅच केंद्राचा फोन आला की दहा मिनिटांत मशीन वीज द्यायला लागायचं. संध्याकाळी मुंबई-पुण्याचे दिवे लागले की आम्ही सुरू, मध्यरात्री मागणी उतरली की बंद. १९६२ पासून हेच चाललंय. आणि करणार काय? पाणी मोजून मिळतं. कृष्णा लवादानं पश्चिमेला वळवायला वर्षाचं ६७.५ टीएमसी ठरवून दिलंय. ते रात्री उगाच सोडलं तर मेच्या दुपारी काय देणार?"

"आणि तुम्ही बंद केलंत की इथे आमचे नळ बंद," काकूंनी टोला हाणला. खोटं नाही ते. पोफळीची यंत्रं फिरून सुटलेलं अवजल कोळकेवाडी धरणावरनं वाशिष्ठी नदीत येतं, त्यावर चिपळूणचा उन्हाळा निघतो. वीजनिर्मिती थांबली की नदी आटते आणि पेपरात बातमी येते.

मला नानांचा मुद्दा पटला, कारण कॉम्प्युटरचंही अगदी तेच झालंय. जुन्या हार्ड डिस्कच्या काळात बटण दाबून चहा टाकायचा, चहा पिऊन यायचं, तेव्हा कुठे पडदा हलायचा. तेव्हा बंद करायचा कंटाळा येणं समजण्यासारखं होतं. आता एसएसडी आली. अर्ध्या मिनिटात सगळं समोर. बॉयलरची पाणचक्की झाली म्हणा ना! मग बॉयलरवाल्यांची सवय कशाला चालवायची? आणि बंद-चालूनं बिघडण्याचं म्हणाल, तर जुन्या फिरत्या डिस्कसुद्धा साधारण पन्नास हजार वेळा सुरू-बंद होतील अशा हिशेबानं केलेल्या असत. रोज दोनदा बंद केलात तरी डिस्क तुमच्या नातवाला पुरेल.

"पण तो म्हणतो, मी बंद नाही करत, झोपवतो," काकू म्हणाल्या. "कधीकधी पडदा काळा असतो आणि खालचा दिवा लुकलुकत असतो. ते काय?"

ते स्लीप. त्यात वीज फार जात नाही, दोन-चार वॉट. उघडलेली सगळी कामं मेमरीत तशीच धरून ठेवायची, तेवढ्यापुरती वीज लागते. पुण्यात बसून हे ठीक आहे. पण चिपळुणात? वाऱ्याची झुळूक आली की कुठेतरी फांदी तारेवर पडते आणि लाईट जाते. लाईट गेली की मेमरी कोरी. लॅपटॉपला पोटात बॅटरी असते, त्याला स्लीप खुशाल द्यावी. डेस्कटॉपला यूपीएस असला तरी तो किती वेळ धरणार? अर्ध्या रात्री तोही पी-पी करून मान टाकतो. यूपीएस ओरडतो तो सेव्ह करा म्हणून, आणि हे घोरतायत!

त्यापेक्षा हायबरनेट बरं. ते मेमरीतलं सगळं डिस्कवर उतरवून ठेवतं आणि मग खरोखर निजतं. प्लग काढला तरी सकाळी जिथे होतं तिथे उघडतं. विंडोजमध्ये ते बऱ्याचदा मेनूत दिसत नाही, सेटिंगमध्ये जाऊन आणावं लागतं, म्हणून लोकांना माहीत नाही.

आणखी एक गंमत मी काकूंना सांगितली नाही, त्या घाबरल्या असत्या. २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हापासून शट डाऊन केलं तरी यंत्र पुरतं बंद होतंच असं नाही. आपले प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा ठेवला जातो, पुढच्या वेळी लवकर उठावं म्हणून. त्यामुळे प्रिंटर रुसला आणि तुम्ही बंद करून चालू केलात, तर त्याचा रुसवाही तसाच राहू शकतो. तिथे रीस्टार्टच द्यावं लागतं. रीस्टार्टमध्ये सगळं पहिल्यापासून सुरू होतं. जीएसटी भरायच्या घाईत एका व्यापाऱ्यानं मला फोनवर शपथेवर सांगितलं होतं की मी दहा वेळा बंद केला. केला असेल बिचाऱ्यानं.

"हे सगळं असू दे," नाना म्हणाले, "विजांचं बोला." आणि त्यांनी परशुरामच्या डोंगराकडे हात केला. तिकडे काळं जमायला लागलं होतं. मृगाच्या आधीचा वळीव आणि नवरात्राच्या सुमाराचा हस्त, आमच्याकडे खरा धोका या दोन वेळचा. भर आषाढात धो धो कोसळतो, पण कडाडत नाही फारसा. वळवात मात्र एक वीज जवळपास पडली की टीव्ही, फ्रीज, मोटार, कॉम्प्युटर, सगळ्यांवर एकदम संक्रांत. त्या वेळी यंत्र चालू होतं, निजलं होतं की बंद होतं, यानं काडीचा फरक पडत नाही. प्लग भिंतीत असला की संपलं. स्पाईक गार्डचा लाल दिवा बघून लोक निर्धास्त बसतात, पण जवळच्या विजेपुढे तो कसला टिकतोय! प्लग हातानं उपसायचा. इंटरनेट तांब्याच्या तारेनं येत असेल तर तीही काढायची. मोडेमच्या वाटेनं वीज शिरून मदरबोर्ड जळाल्याच्या कथा इथे घरटी एक मिळेल. फायबरची काच वीज आणत नाही, पण तिच्या मोडेमचा अडॅप्टर भिंतीतच असतो, तो विसरू नये.

"म्हणजे पावसाळाभर बंदच?" काकूंनी विचारलं.

तसंही नको. श्रावणात चपलेला बुरशी येते तशी आतल्या पट्ट्यांनाही ओल धरते. रोज तासभर चालवावा, आतल्या उबेनं ओल जाते. फक्त ती ऊब पालींना आणि मुंग्यांनाही आवडते. रात्रभर कोमट राहिलेल्या पॉवर सप्लायमध्ये पाल शिरून दोघांचाही शेवट झालेला मी पाहिलाय. पंख्याच्या जाळीतनं शेपटी बाहेर आलेली होती, एवढंच सांगते.

काकूंच्या चिरंजिवांनी निदान यंत्र माडीवर तरी ठेवलंय. २२ जुलै २०२१ ला पुराचं पाणी शिरलं तेव्हा बाजारपेठेत कितीतरी कॅबिनेट टेबलाखाली जमिनीवर होती, पायाशी बरी म्हणून. वर्षांचे हिशेब त्यात गेले. लोकमान्य टिळक स्मारक वाचनमंदिराची पुस्तकं भिजली त्याची बातमी तरी झाली, हिशेबाच्या डब्यांना कोण विचारतो! ते पाणी कोळकेवाडी धरणातून सोडलेलं की आभाळाचं, हा प्रश्न मात्र मी नानांसमोर काढत नाही. मागे एकदा निघाला होता, त्यात दोन्ही घरांची दिवाळी अबोल्यात गेली.

एवढ्यात चिरंजीव स्वतःच कानाला फोन लावून खाली आले. काकूंनी तिथल्या तिथे पकडलं.

"आई, मला काही हौस नाही. कंपनीचे अपडेट रात्री येतात, चालू ठेवावाच लागतो."

"रोज येतात?"

"रोज नाही. गुरुवारी."

"मग गुरुवारी राहू दे. पडदा बंद करून. बाकी रात्री बटण भिंतीतनं बंद. आणि आभाळ आलं की गुरुवारीसुद्धा प्लग काढायचा, कंपनीला म्हणावं आईनं सांगितलंय. आणि या महिन्यापासून बिल तू भरायचंस."

"बिल कशाला मध्येच?"

"फ्रीजचे पैसे वाचले ना तुझे, त्यातनं भर."

नाना माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "कळव्याचा फोनसुद्धा इतका स्पष्ट नसायचा हो."