कूलरच्या तोंडचा जिना

१२ एप्रिल २०१६ रोजी ज्या लातुरात मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन दहा वाघिणींची ‘जलदूत’ रेल्वे आली, त्या गावातल्या माणसाला “तुमच्याकडे हवेत दमटपणा किती असतो हो?” असं विचारायला धाडस लागतं. आमच्या आर्किटेक्टकडे ते होतं. मी म्हणालो, “कुठं सापडला तर सांगा, टाकीत भरून घेऊ.” ते हसले नाहीत. मुंबईत शिकलेला माणूस. त्यांनी वहीत ‘आर्द्रता : विचारणे’ असं लिहून घेतलं.

प्रश्न तरंगत्या जिन्याचा होता. मुलानं कोकणातल्या कुठल्याशा बंगल्यात तो पाहिला आणि आपल्या घरात हाच, असं ठरवून टाकलं. तरंगता जिना म्हणजे दोन मजल्यांच्या मध्ये नुसत्या पायऱ्या. मधल्या उभ्या फळ्या नाहीत, पोटाला काँक्रीट नाही, कठडा असलाच तर काचेचा. भिंतीत किंवा पायऱ्यांखाली एक लोखंडी कणा दडवायचा आणि त्यावर दीड-दोन इंच जाडीच्या लाकडी फळ्या बसवायच्या. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की पायऱ्या हवेत थांबल्यात. आता ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपाच्या पहाटेपासून लातूर जिल्ह्यातला माणूस स्वतःच्या घराच्या बीममधल्या सळया स्वतः मोजून घेतो. त्याला ‘आधार दिसतच नाही’ हे कौतुकानं सांगायचं म्हणजे कमालच. पोकळ ब्लॉकच्या भिंतीत हा कणा धरणार नाही, तिथं काँक्रीटचीच भिंत लागेल, असं आर्किटेक्टनी समजावलं तेव्हा आई म्हणाली, “म्हंजे आधार हाय. मग दिसू दे की!”

आईचा जन्म माळवदाच्या घरातला. दोन-अडीच हात जाडीची दगडी भिंत आणि जिना त्या भिंतीच्याच पोटात. काळोखा, उंच पायऱ्यांचा, एका वेळी एकच माणूस जाईल असा. वर टोकाला झडपेसारखं दार. घरात लाकडी खण, म्हणजे खांब आणि तुळया, आणि त्यांच्यावर मातीचा थरावर थर. किल्लारीच्या भूकंपात त्या दगडांनी आणि मातीनं माणसं गाडली. पण काही घरांत भिंती कोसळूनही खणांचे खांब छप्पर धरून उभे राहिले होते. तेव्हापासून आईचा लाकडावर विश्वास आहे. हवेवर नाही.

शिवाय जिन्याखाली ठेवायचं काय? मराठवाड्यातल्या घरात जिना वर जाण्यासाठी असतो, हा बाहेरच्यांचा गैरसमज आहे. जिना असतो खालच्या जागेसाठी. तिथं इन्व्हर्टर, पाण्याचे दोन मोठे ड्रम, तुरीची पोती, महालक्ष्म्यांचे कोथळे आणि मुलगा ‘लातूर पॅटर्न’मध्ये होता तेव्हाची गाइडं असतात. ही गाइडं रद्दीत द्यायची नाहीत, कारण त्यांच्यावर खर्च फार झालाय. तरंगत्या जिन्याखाली काही ठेवलं तर तो तरंगत नाही, असं आर्किटेक्टचं म्हणणं. “मग पोती तरंगवा,” असं हिचं.

तेवढ्यात लाकडाचा विषय निघाला आणि नांदेड मध्ये पडलं. माझी सासुरवाडी नांदेडची. विभागीय आयुक्तालय लातूरला की नांदेडला, या वादापायी आमच्या घरात वरणाला फोडणी बसायची राहिलेली आहे. मेहुण्याचा त्याच दिवशी फोन. “दाजी, किनवटचं सागवान सोडून दुसरं काही लावलं, तर ताई त्या जिन्यावर पाय ठेवणार नाही.” ताई शेजारीच बसली होती. तिनं होकारार्थी मान हलवली.

किनवटचा साग चांगला, यात वाद नाही. नांदेड जिल्ह्याच्या टोकाला, आदिलाबादच्या अंगाला ते जंगल आहे. सागाच्या गाभ्यात तेल असतं, त्यामुळे वाळवी त्याच्या वाट्याला सहसा जात नाही. सिलिकाही असते, त्यामुळे करवतीचे दात लवकर बोथट होतात आणि मिस्त्रीचा दर वाढतो. पण वखारीत गेलो तर तिथं सागाचे देश निघाले. बल्लारशहाचा, बर्माचा, घानाचा. आणि सगळे ‘एकदम सुकलेले’. वखारीत ओलं लाकूड मी आजवर पाहिलेलं नाही. ते घरी आल्यावर ओलं होतं. मुलानं रबरवुड सुचवलं. दिसायला गोरं, स्वस्त. पण नीट औषधपाणी केलेलं नसेल तर भुंग्यांचं आवडतं जेवण. वखारवाला मरीन प्लायवर सागाची पापडी लावा म्हणाला. ती पायरीच्या कडेला दोन दिवाळ्यांत झिजते, आणि मग प्लायचे थर पाहुण्यांना मोजता येतात.

शेवटी मिस्त्री आले. यांच्या वडिलांचा धंदा बैलगाड्यांचा. जिन्याचा नकाशा त्यांनी उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला आणि खाली ठेवला. “साहेब, लाकूड लांबीत हलत नाही. रुंदीत हलतंय. ओल पिऊन फुगतंय, वाळून आकसतंय.” मग त्यांनी चाकाचं सांगितलं. तुंबा, आरे, पाटे, सगळं बाभळीचं. त्यावर लोखंडी धाव तापवून चढवायची आणि पाणी ओतायचं. धाव आवळून बसायची. उन्हाळ्यात लाकूड आकसलं की धाव ढिली, चाक खडखडायला लागायचं. मग गाडी घटकाभर ओढ्यात उभी करायची. लाकूड फुगलं की चाक पुन्हा घट्ट. “तुमचा जिना वढ्यात उभा करता येईल का?” आर्किटेक्टनी वहीत काहीतरी लिहिलं.

ओल चालते आणि कोरडंही चालतं. लाकडाला सोसत नाही ती यातली ये-जा. अडीचशे मिलिमीटर रुंदीची सागाची फळी आमच्या मे महिन्यापासून ऑगस्टपर्यंत दोन-अडीच मिलिमीटर सहज फुगते. उभ्या धाग्यानं चिरलेली असेल तर त्याच्या निम्मी.

“पण मिस्त्री,” मी म्हणालो, “आपल्याकडं ओल आहेच कुठं?”

मिस्त्रींनी नकाशावर बोट ठेवलं. “हितं कूलर बसणार नव्हं?”

सगळे गप्प झालो. हॉलच्या खिडकीत कूलर, आणि बरोबर त्याच्या तोंडासमोर जिना. बाहेर बेचाळीस अंश, धोतर दोरीवर टाकेपर्यंत वाळतं. आत मात्र कूलरच्या गवतातून चोवीस तास ओला वारा. मीठ पाझरतं, तळलेले पापड मऊ पडतात, वर्तमानपत्राचा आवाज होत नाही. म्हणजे जिन्याच्या खालच्या चार पायऱ्या रत्नागिरीत आणि वरच्या चार लातुरात! धनेगावच्या मांजरा धरणातलं पाणी टिपून टिपून वापरणारे आम्ही, उन्हाळाभर तेच बादल्यांनी कूलरमध्ये ओतून घरात कोकण तयार करतो, आणि आर्किटेक्टला हसतो. त्यांनी वही उघडली, ‘विचारणे’ खोडलं आणि ‘भरपूर’ असं लिहिलं.

कूलर दुसऱ्या खिडकीत न्या, असा सल्ला निघाला. त्या खिडकीकडून आईच्या पलंगावर वारा येत नाही, म्हणून सल्ला तिथंच बारगळला.

मग आईनंच तोड काढली. औसा तालुक्यातल्या तिच्या माहेरच्या पडक्या वाड्याच्या तुळया पडून होत्या. त्या वाड्याचं वय कुणालाच ठाऊक नाही. इतकी वर्षं उन्हाळे-पावसाळे सोसलेलं लाकूड आता नव्यानं काय वाकणार, हे मिस्त्रींनाही पटलं. वरून तुळई चुलीच्या धुरानं काळीकुट्ट. करवत आत गेली तसा पिवळट भुसा उडाला आणि जुन्या चामड्यासारखा वास सुटला. मध्येच एक हातघडणीचा खिळा निघाला. त्याच्याभोवती लाकूड निळं-काळं पडलं होतं. खिळ्यानं करवतीचा दात घेतला. मिस्त्रींनी शिवी दिली, पण ती खिळ्याला की वाड्याच्या मूळ सुताराला, हे कळलं नाही.

पुढचं काम शहाणपणाचं झालं. पायरीची रुंदी अडीचशे मिलिमीटर, उंची एकशे नव्वदच्या आत, हे बांधकाम संहितेत बसतं. लोखंडाला जोडताना फळीत गोल भोकं न पाडता लांबट खाचा ठेवल्या, म्हणजे फळीनं हवं तेवढं अंग हलवावं, चिरू नये. पॉलिश सहाही अंगांना मारलं, खालच्या बाजूला आणि टोकांना आधी, कारण तिथूनच लाकूड पाणी पितं आणि तिथंच पॉलिशवाले हात आखडतात. दोन पायऱ्यांच्या फटीतून चार इंचांचा चेंडू जाता कामा नये, असा परदेशात नियम आहे. नातवंडांची डोकी त्याहून जेमतेम मोठी, म्हणून खालून पट्टी लावली.

मेहुणा वास्तुशांतीला आला. त्यानं वाकून पायरीचा रंग पाहिला, नखानं धागा खरवडला आणि जाहीर केलं, “हे किनवटचंच.” लाकडावर पत्ता लिहिलेला नसतो. नांदेड जिंकलं.

आई अजून वर गेलेली नाही. आर्किटेक्ट फोटो काढायला येणार आहेत आणि त्यांनी कळवलंय की जिन्याखाली कृपया काही ठेवू नका. आईनं तुरीची पोती हलवू द्यायला नकार दिलाय. तिचं म्हणणं, आत्ता कुठं त्या जिन्याला आधार दिसायलाय.